विद्यापीठाच्या फाटकाबाहेरची प्रबंध-टंकलेखनाची दुकानं : पैसे कशाचे मोजावेत, कशाचे मोजू नयेत

जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाच्या फाटकाबाहेर झेरॉक्स, स्पायरल, लॅमिनेशन आणि ‘थिसिस टायपिंग-बाइंडिंग’ अशी पाटी लावलेली चार-सहा दुकानं असतात. मराठीतून पीएच.डी.चा प्रबंध किंवा एम.ए.चा लघुप्रबंध लिहिणाऱ्यांपैकी अनेकांची शेवटची दोन-तीन महिन्यांची धावपळ तिथेच होते. हे परीक्षण या सेवेचं आहे, कुठल्या एका दुकानाचं नाही.

निकाल आधीच सांगून टाकू. टंकलेखन आणि बांधणी यांचे पैसे वसूल होतात. शीर्षकं, तळटीपा, अनुक्रमणिका ही कामं सांगून करून घेतली तर नीट होतात, न सांगता होत नाहीत. भाषा, शुद्धलेखन आणि संदर्भपद्धती मात्र पाटीवर लिहिलेली असली तरी तिथे मिळत नाही असंच धरून चालावं. दुकानदार फसवतात असं नाही. ‘जातिव्यवस्था’ की ‘जातीव्यवस्था’ हे ठरवणं टंकलेखकाचं काम नाही, आणि त्याला कुणी ते ठरवून दिलेलंही नसतं.

पहिला प्रश्न दराचा नाही, फाँटचा

दुकानात शिरल्यावर ‘पानाला किती?’ हे विचारण्याआधी ‘कशात टाइप करता?’ हे विचारावं. ‘युनिकोड’ (प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) असं उत्तर आलं तर पुढे बोलावं. श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशी नावं आली तर ही फाइल कागदावर देखणी दिसेल, पण पुढे अडवेल. जुन्या फाँटमध्ये अक्षराचा सांकेतिक क्रमांक रोमन अक्षराचा असतो, फक्त त्याचा चेहरा देवनागरी असतो. अशा फाइलची पीडीएफ केली, त्यातली ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवली, की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी हाती येते. शोधगंगेवर (प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहावर) प्रबंध चढला तरी त्यातला एकही मराठी शब्द शोधून सापडत नाही, आणि उचलेगिरी शोधण्यासाठी साधर्म्य तपासणाऱ्या प्रणालीला त्यात मराठी मजकूर दिसतच नाही.

‘शेवटी कन्व्हर्ट करून देऊ’ या आश्वासनावर विसंबू नये. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. परिवर्तकाला ती उचलून योग्य जागी न्यावी लागते. ‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’ अशा जोडाक्षरांत ती अधेमधे अडकते. रफाराचंही तेच : जुन्या पद्धतीत तो अक्षर आणि मात्रा यांच्यानंतर येतो, नव्या पद्धतीत सर्वांत आधी. शिवाय जुन्या फाँटमध्ये चौकटी कंस, टक्क्याचं चिन्ह यांच्या जागा देवनागरी अक्षरांनी घेतलेल्या असतात, म्हणून परिवर्तनानंतर अवतरणात घातलेले चौकटी कंस भलत्याच अक्षरांत बदलतात. आणि मजकुरात इंग्रजी ग्रंथनामं असतील तर परिवर्तक त्यांनाही मराठी समजून फोडून काढतो. तीनशे पानांत हे दुरुस्त करत बसण्यापेक्षा पुन्हा टाइप केलेलं परवडतं.

युनिकोड आहे म्हणून सगळं आलबेल, असंही नाही. ‘दऱ्या’मधला ऱ् दोन प्रकारे टाइप होतो : इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकावर शिफ्ट-जे दाबून स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधताना मात्र वेगळे ठरतात. ‘ॲ’चंही तसंच, एकसंध अक्षर किंवा ‘अ’वर चंद्र. दोन टंकलेखकांनी प्रकरणं वाटून घेतली असतील तर एकाच प्रबंधात दोन्ही रूपं येतात, आणि शब्दसूची करताना एक शब्द दोन ठिकाणी जातो. यावर एकच उपाय : एक रूप ठरवणं आणि शेवटी शोधा-बदला करून सगळीकडे तेच आणणं.

विसर्ग आणि अपूर्णविरामाचा गोंधळ याहून जास्त आढळतो. ‘दुःख’मध्ये विसर्गाच्या जागी अपूर्णविराम, आणि ‘विषय’पुढे अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग. छापल्यावर फरक जेमतेम कळतो, म्हणून प्रूफात निसटतो. मराठी छपाईत अपूर्णविरामाआधी एक जागा सोडायची रीत आहे ती याचसाठी. दुकानाला तशी सूचना द्यावी, आणि शोध-चौकटीत नुसता विसर्ग टाकून सगळ्या जागा एकदा नजरेखालून घालाव्यात.

दुकान पारखण्याचं एक पान

काम देण्याआधी चाचणीला एक पान टाइप करून घ्यावं. त्याचे वेगळे पैसे मागितले तर द्यावेत. त्या पानात हे शब्द यायला हवेत : वाङ्मय, महत्त्व, अस्तित्व, कर्तृत्व, व्यक्तिमत्त्व, शृंगार, उद्ध्वस्त, ऱ्हास, दऱ्याखोऱ्यांतील, पर्यायी, दुःख, ॲरिस्टॉटल, पाहणे. सोबत पाच ओळींचं एक अवतरण, दोन तळटीपा, एक इंग्रजी ग्रंथनाम आणि एक लहानसा तक्ता.

‘वाङ्मय’चं ‘वाड्मय’ झालं असेल तर टंकलेखकाला ङ कुठे आहे ते माहीत नाही. मराठी विभागाच्या प्रबंधात हा शब्द शेकडो वेळा येतो. ‘महत्व’ आणि ‘श्रृंगार’ आलं तर सवयीचा मामला आहे, सांगून सुटेल. ‘महत्त्व’, ‘तत्त्व’, ‘व्यक्तिमत्त्व’ यांच्या शेवटच्या जोडाक्षरात दोन त, ‘अस्तित्व’, ‘नेतृत्व’, ‘कर्तृत्व’ यांच्यात एक. हे एकदा लिहून दिलं की चांगला टंकलेखक पुन्हा चुकत नाही. तळटीपांचे आकडे हाताने वर चढवलेले असतील, म्हणजे आपोआप येणारी तळटीप वापरलेलीच नसेल, तर मात्र दुसरं दुकान बघावं. ही सवय मध्येच बदलत नाही.

वेगाची फुशारकी ऐकून घ्यावी, हिशेब आपला आपण करावा. शासनमान्य मराठी टंकलेखन परीक्षा मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या असतात. ३०च्या वेगाने ३०० शब्दांचं पान दहा मिनिटांत व्हायला हवं. पण खाडाखोड, बाण आणि समासातल्या पुरवण्या असलेल्या हस्तलिखितावरून त्याला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. कोणी ‘आठवड्यात अख्खा प्रबंध’ म्हणालं, तर काम तिघाचौघांत वाटलं जाणार किंवा मोबाइलवर बोलून टाइप होणार, असं समजावं. बोलून केलेल्या टंकलेखनात ऱ्हस्व-दीर्घ बऱ्यापैकी येतं, पण विरामचिन्हं गळतात, विशेषनामं बदलतात आणि जुन्या ग्रंथातलं अवतरण वाचून दाखवलं की ते मुकाट्याने आजच्या रूपात येतं. प्रबंधात या शेवटच्या दोषाची किंमत सर्वांत मोठी आहे.

नियमपत्र : हे दुकान देत नाही, आपण द्यायचं

या सेवेचा दर्जा दुकानापेक्षा गिऱ्हाईक बरोबर काय घेऊन जातं यावर जास्त ठरतो. बरोबर न्यायचा कागद एकच : ए-फोरच्या एका बाजूवर मावेल असं नियमपत्र. बहुतेक जण ते करत नाहीत, मार्गदर्शकही मागत नाहीत, आणि मग पहिल्या प्रकरणात ‘असे’, तिसऱ्यात ‘असं’ आणि पाचव्यात दोन्ही अशी भेळ होते.

आधार घ्यायचा तो मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांचा. १९६२ साली शासनाने मान्य केलेले चौदा आणि १९७२ साली जोडलेले चार, असे हे अठरा नियम. सगळे पाठ नसले तरी प्रबंधात वारंवार लागणारे सहा-सात पुरतात. उच्चारानुसारी ‘केलं, त्यानं, असं’ ही रूपं पात्राच्या तोंडी चालतात. एरवी ‘केले, त्याने, असे’. इंटरनेटवरच्या असल्या परीक्षणाला पहिली तऱ्हा शोभते, प्रबंधाला दुसरीच. अनेकवचनाच्या सामान्यरूपावर अनुस्वार हवा : ‘लेखकांना’, ‘ग्रंथांमधून’. घाईच्या टंकलेखनात सर्वांत आधी हेच टिंब गळतं, आणि एकवचन-अनेकवचन बदलून विधानाचा अर्थच फिरतो. ‘नांव’, ‘कांही’, ‘केलें’ यांवरचे जुने अनुस्वार नकोत. ‘राहणे, पाहणे, वाहणे’. ‘रहाणे, पहाणे’ नाही. ‘इत्यादी’ दीर्घ, ‘परंतु’ आणि ‘तथापि’ ऱ्हस्व. ‘क्वचित’, ‘अर्थात’ यांचा पाय मोडायचा नाही.

सर्वांत चिवट भाग समासांचा. ‘जाती’ एकटा आला की दीर्घ, ‘जातीचा’ दीर्घ, पण ‘जातिव्यवस्था’, ‘जातिसंस्था’ ऱ्हस्व. तसंच ‘संस्कृती’ पण ‘संस्कृतिसंघर्ष’, ‘कृषी’ पण ‘कृषिविषयक’, ‘विद्यार्थी’ पण ‘विद्यार्थिमंडळ’. इथे दुकानदार उत्साहाने शोधा-बदला करतो, ‘जाति’च्या जागी सगळीकडे ‘जाती’ घालतो, आणि बरोबर असलेले दोनशे शब्द एका क्षणात चुकतात. म्हणून समासाचे शब्द नियमपत्रात नावानिशी लिहावेत. विषयागणिक असे तीस-चाळीस शब्द निघतात. ‘सर्वत्र बदला’ हे बटण आपल्या गैरहजेरीत दाबायचं नाही, असंही त्याच कागदावर लिहावं.

शब्दयोगी अव्ययं जोडून : ‘समाजाबद्दल’, ‘त्यांच्यासाठी’, ‘काळाप्रमाणे’. तोडून लिहायची सवय मोबाइलवरून आली आहे आणि टंकलेखकांतही पसरली आहे. नावांच्या आद्याक्षरांत बिंदूनंतर जागा सोडायची की नाही हे एकदाच ठरवावं. सोडली तर ती न तुटणारी असावी (वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेसबार), नाहीतर ‘वि.’ ओळीच्या शेवटी आणि आडनाव पुढच्या ओळीत जातं. आकडे मराठी मजकुरात देवनागरी, इंग्रजी ग्रंथाच्या नोंदीत रोमन. तिरप्या अक्षरांचा वापर टाळावा. बहुतेक देवनागरी फाँटना खरा तिरपा अवतार नसतो. यंत्र उभं अक्षर नुसतं ढकलून तिरकं करतं, आणि छपाईत वेलांट्या शेजारच्या अक्षराला घासतात. ग्रंथनामं एकेरी अवतरणात, उद्धृतं दुहेरी अवतरणात ही व्यवस्था पुरेशी आहे.

वाक्यरचनेबद्दल नियमपत्रात दोन ओळी पुरे. अभ्यासक स्वतःचा उल्लेख ‘प्रस्तुत अभ्यासक’ असा करणार की ‘मी’, हे मार्गदर्शकांना विचारून ठरवावं आणि मग पाळावं. ‘द्वारा’ आणि ‘केले गेले आहे’ यांचा सुळसुळाट आवरावा. ‘लेखकाद्वारा मांडला गेलेला विचार’पेक्षा ‘लेखकाने मांडलेला विचार’ एक शब्द वाचवतो आणि वाचवतही नाही तिथे निदान मराठी राहतो. ही दुरुस्ती कुठलंही दुकान करणार नाही, करू नये.

पानाचा साचा

इथे दुकानं खरोखर तरबेज असतात. ए-फोर कागद, बांधणीसाठी डावा समास दीड इंच, बाकी एक इंच, मजकूर १४ पॉइंट, तळटीपा ११ किंवा १२, प्रकरणाचं शीर्षक १८च्या आसपास. विद्यापीठाचं परिपत्रक वेगळं सांगत असेल तर ते अंतिम. ओळींतलं अंतर ‘दीड’ असं मागितलं की फाँटनुसार वेगवेगळं येतं. मंगलसारख्या फाँटची मूळ उंचीच जास्त असल्याने दीडपटीत पान विरळ दिसतं. त्याऐवजी ‘नेमकं २४ पॉइंट’ असं अंतर मागावं. एक-एक इंच वर-खाली सोडलं तर पानात २९ ओळी बसतात, आणि पानाच्या दराचा वादही मिटतो. हेच अंतर २०च्या खाली ओढलं तर ‘र्की’, ‘कृ’ अशा ठिकाणी रफार किंवा ऋकार कापला जाण्याची भीती असते.

फाँट निवडताना ल आणि श यांचे आकार पाहावेत. शासनाच्या २००९च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला. अनेक फाँटमध्ये मूळ आकार हिंदी वळणाचे असतात. काही फाँट मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की आपोआप मराठी आकार देतात, पण दुकानातल्या यंत्रावर भाषा ‘हिंदी’ असते. यशोमुद्रा, यशोवेणु किंवा तिरो देवनागरी मराठी हे मोफत फाँट पेनड्राइव्हमध्ये बरोबर न्यावेत.

वर्ड वापरणाऱ्या दुकानांत एक अडचण हटकून येते : शैलीत फाँट बदलला तरी मराठी मजकूर मंगललाच चिकटून राहतो. फाँटच्या खिडकीत रोमन लिपीचा रकाना वेगळा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा वेगळा असतो. देवनागरी दुसऱ्या रकान्याचं ऐकते. फाँट, आकार आणि ठळकपणा तिन्ही तिथे भरावे लागतात. हे माहीत नसलेले टंकलेखक परिच्छेद निवडून हाताने फाँट लावत बसतात, आणि पुढच्या दुरुस्तीत सगळं विस्कटतं.

अनुक्रमणिका हाताने टाइप करून टिंबांच्या रांगा लावायची पद्धत अजून दिसते. तिला साफ नकार द्यावा. शीर्षकांना ‘हेडिंग’ शैली लावून अनुक्रमणिका यंत्राकडून काढून घ्यावी. तीन पानं वाढली तरी आकडे एका क्लिकमध्ये बदलतात. सुरुवातीच्या पानांना (प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश) वेगळा क्रम आणि पहिल्या प्रकरणापासून १, यासाठी दस्तऐवजात विभाग पाडावे लागतात. हे न येणारी दुकानं दोन वेगळ्या फाइली करतात, मग अनुक्रमणिका अर्धीच निघते. तक्त्याचं शीर्षक वर, आकृतीचं खाली, क्रमांक प्रकरणनिहाय : तक्ता क्र. ३.१, ३.२.

अवतरणं

प्रबंधाची खरी कसोटी इथे आहे. महामंडळाच्या नियमांत याची सोय स्पष्ट आहे : केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मूळ लेखनाप्रमाणे छापायचं, त्या दोघांचं आणि नंतरचं आजच्या नियमांप्रमाणे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या उताऱ्यातला ‘नांव’ तसाच ठेवायचा आणि त्याच पानावर आपल्या वाक्यात ‘नाव’ लिहायचं. टंकलेखकाला हे सांगितलं नाही तर तो दोन्हीकडे एकच रूप करतो, तेही चांगल्या हेतूने. हस्तलिखितात जुन्या उताऱ्यांच्या समासात रंगीत रेघ ओढून ‘जसंच्या तसं’ असं लिहिणं हा साधा उपाय भरवशाचा आहे.

हल्ली उतारे टाइप न करता पानाचा फोटो काढून मजकूर ओळखून घेतात. वेळ वाचतो, पण जुन्या छपाईवर ठरावीक चुका होतात : ध-घ, भ-म, ष-प, ब-व, थ-य यांची अदलाबदल, गळलेले अनुस्वार, ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द दोन तुकड्यांत. यातली बरीच चुकीची रूपंही खरे शब्द असतात, म्हणून शुद्धलेखन तपासनीस गप्प बसतो. तो ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांत फरक करणार नाही. उतारा मूळ ग्रंथाशेजारी ठेवून शब्दाशब्दाने ताडून पाहणं, तेही दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून, याला पर्याय नाही.

चार ओळींपेक्षा मोठा उतारा वेगळा परिच्छेद करून अर्धा इंच आत घ्यावा. त्याला अवतरणचिन्हं लागत नाहीत. गाळलेल्या जागी तीन टिंबं, आपण घातलेला शब्द चौकटी कंसात, मुळातली चूक तशीच ठेवली असेल तर पुढे ‘(मुळात असेच)’. ओळीत येणाऱ्या लहान उताऱ्याची अवतरणचिन्हं हरवली तर नुसती टापटीप बिघडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, आणि श्रेय देऊन केलेली उद्धृतं व संदर्भसूची मोजणीतून वगळता येतात. पण यंत्राला उद्धृत ओळखता येतं ते चिन्हांवरून. टंकलेखकाने खाल्लेलं एक अवतरणचिन्ह अख्ख्या उताऱ्याला उचलेगिरीच्या रकान्यात टाकू शकतं.

संदर्भ आणि सूची

संदर्भांसाठी तळटीप की प्रकरणाच्या शेवटी, की मजकुरातच आडनाव-वर्ष, हे विभागाच्या रिवाजाने ठरतं. काहीही असलं तरी क्रमांक आपोआप यायला हवेत : वर्डमध्ये अल्ट-कंट्रोल-एफ दाबलं की तळटीप, अल्ट-कंट्रोल-डी दाबलं की अखेरची टीप. ‘तत्रैव’ (वरच्या टिपेतलाच ग्रंथ) आणि ‘उ. नि.’ (आधी उल्लेखलेला ग्रंथ) यांची खोड अशी की मध्ये एक नवी टीप घुसली की तत्रैव भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवतं. कामचलाऊ मसुद्यात प्रत्येक टिपेत लेखक आणि ग्रंथाचं आखूड नाव लिहावं. तत्रैव करायचं ते शेवटच्या प्रुफात, आणि तेही स्वतः.

आडनाव-वर्ष पद्धतीत मराठीची आपली अडचण आहे. कुलकर्णी, जोशी, देशपांडे, पाटील इतके असतात की ‘कुलकर्णी २००४’ म्हणजे कोण ते कळत नाही. मजकुरातल्या उल्लेखातही आद्याक्षरं द्यावीत. पृ., संपा., अनु., आ. ही संक्षेपरूपं सुरुवातीला एका पानावर उलगडून द्यावीत आणि त्यांत भर घालू नये.

सूची अकारविल्हे लावायचं काम दुकानावर सोपवलं तर ते यंत्राच्या क्रमाने लावून देतात. यंत्र बहुधा ‘क्ष’ला क-मध्ये आणि ‘ज्ञ’ला ज-मध्ये घालतं, कारण त्याच्या लेखी ती जोडाक्षरं आहेत. आपल्या वर्णमालेत ती शेवटी येतात. क्षीरसागर कुठे बसवायचे ते ठरवून हाताने हलवावे लागतात. मराठी, हिंदी आणि इंग्रजी ग्रंथ एकाच यादीत मिसळू नयेत. तीन गट, प्रत्येकात आपापला क्रम. मूळ साधनं आणि संदर्भग्रंथ हेही वेगळे.

दर, प्रुफं आणि ‘सगळं आम्ही बघतो’

दर पानाला ठरतो, पण विचारायचं ते पुढचं : दुरुस्तीच्या किती फेऱ्या त्यात धरल्या आहेत? तीन फेऱ्या हव्यात. पहिली हस्तलिखिताशी ताडून, दुसरी फक्त नियमपत्र हातात धरून, तिसरी पानांच्या मांडणीसाठी : ओळीच्या शेवटी लटकलेले शब्द, पानाच्या तळाशी एकटं पडलेलं शीर्षक, फुटलेले तक्ते. प्रूफ कागदावरच वाचावं, दुरुस्त्या लाल शाईने समासात लिहाव्यात, आणि नवी प्रत आली की फक्त लाल खुणा जुळवून बघाव्यात. पुन्हा सगळं वाचायला बसलं की वाक्यं सुधारायचा मोह होतो आणि चौथी फेरी लागते. फाइलींना तारखेची नावं द्यायला लावावीत. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल फायनल’ या तिघांतून जुनीच छापली जाण्याचा प्रकार प्रत्येक दुकानाला ठाऊक आहे.

‘भाषाशुद्धी करून मिळेल’ ही जोडसेवा घेऊ नये. प्रत्यक्षात ती तपासनिसाच्या लाल रेघा घालवणं एवढीच असते, आणि त्यात पारिभाषिक संज्ञा बदलून जातात. मुद्रितशोधन हवं असेल तर प्रकाशनात काम करणारा मुद्रितशोधक वेगळा गाठावा आणि त्याच्या हातात नियमपत्र द्यावं. ‘विषय सांगा, बाकी सगळं आम्ही बघतो’ अशी कुजबुज जिथे ऐकू येते, तिथे टंकलेखनही देऊ नये. आज दुसऱ्याला लिहून विकणारा माणूस उद्या आपली प्रकरणंही विकू शकतो.

छपाई, बांधणी, पीडीएफ

साधर्म्य तपासणीसाठी द्यायची पीडीएफ वर्डमधून थेट ‘सेव्ह ॲज’ने काढावी, स्कॅन करून नव्हे. स्कॅन म्हणजे नुसतं चित्र. काढलेल्या पीडीएफमधली तीन वाक्यं उचलून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावीत. वेलांट्या थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी शब्द मराठीत आले पाहिजेत. शोधगंगेसाठी प्रकरणनिहाय स्वतंत्र पीडीएफ लागतात. त्या त्याच वेळी करून घ्याव्यात, बांधणी झाल्यावर दुकानाला त्यात रस उरत नाही.

कागद ८५ जीएसएमचा बाँड, छपाई एका बाजूने, लेझरवर. मौखिक परीक्षेआधी काही ठिकाणी साधी बांधणी चालते, ती चालत असेल तर आधी तीच करावी. पक्की रेक्झिनची बांधणी आणि सोनेरी अक्षरं ही या दुकानांची हौसेची बाजू, आणि तिथे काम बहुधा सुबक होतं. चूक होते ती मजकुरात. मुखपृष्ठावरचं शीर्षक नोंदणीपत्रातल्या शीर्षकाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. नोंदणीपत्रात ‘चिकित्सक अभ्यास’ असेल तर मुखपृष्ठावर ‘चिकित्सात्मक’ चालत नाही, आणि नोंदणीच्या वेळी शुद्धलेखन चुकलं असेल तर ते आधी विद्यापीठाकडून दुरुस्त करून घ्यावं लागतं. सोनेरी ठसा उठवण्यापूर्वी मुखपृष्ठ आणि पाठकणा यांची कागदी प्रत सहीनिशी मंजूर करावी. पाठकण्यावर नाव, पदवी, वर्ष एवढंच. लांब शीर्षक तिथे कोंबलं की अक्षरं इतकी बारीक होतात की ठसा भरून येतो.

प्रती उचलताना प्रत्येक प्रतीचं प्रत्येक पान उलटून पाहावं. झेरॉक्सवरून काढलेल्या प्रतींत एखादं पान कोरं, उलटं किंवा दोनदा येतं, आणि नेमकी तीच प्रत बाह्य परीक्षकाकडे जाते. पैसे चुकते करण्याआधी मूळ वर्ड फाइल, पीडीएफ आणि वापरलेले फाँट पेनड्राइव्हवर घ्यावेत, ते दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावेत, आणि दुकानातल्या यंत्रावरची प्रत आपल्या डोळ्यांदेखत काढून टाकायला सांगावी.